काळी स्क्रीन आणि गुरूची बंद मूठ



जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकले आणि स्क्रीन काळी पडली, की आपल्याकडे तीन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, "मदरबोर्ड गेला." दुसरे, "लिनक्स हे तुमच्यासारख्यांचे काम नाही." तिसरे, "विंडोजची कॉपी टाकून घ्या, दोन-चारशे रुपयांत भागते." पहिले वाक्य दुकानदार बोलतो, दुसरे शहरातून सुट्टीला आलेला इंजिनिअर बोलतो आणि तिसरे आपण स्वतःच बोलतो. या तिन्ही वाक्यांना आमचा विरोध आहे. पहिले बऱ्याचदा खोटे असते, दुसरे अपमान करणारे असते आणि तिसरे आपल्याला पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर नेऊन बसवते.

सिरसाळ्यात बसून लिहिताना हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही. परळी तालुक्यातले हे गाव. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आईबाप फडात आणि पोरं आजी-आजोबांजवळ, अशी किती घरे आहेत ते वेगळे सांगायला नको. या पोरांचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधार योजनेची कागदपत्रे, भरतीचे हॉल तिकीट, सराव परीक्षा, सगळे अभ्यासिकेतल्या एखाद्या लॅपटॉपवर चालते. तो लॅपटॉप नवा नसतो. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेला, दोन हातांतून फिरून आलेला असतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी जी सुरक्षा चिप आणि जो प्रोसेसर लागतो, तो या जुन्या यंत्रांपैकी अनेकांत नाही. यंत्र धडधाकट असूनही कंपनीच्या लेखी ते भंगार ठरले. अशा यंत्रासाठी लिनक्स हा सरळ, कायदेशीर आणि फुकट रस्ता आहे. त्या रस्त्यावरचा पहिला धोंडा म्हणजे ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

यात आंबेडकरवाद कुठे आला?

हा प्रश्न चळवळीतले काही ज्येष्ठ विचारतील. अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, आरक्षण पोखरले जात आहे, आणि तुम्ही स्क्रीनचे काय घेऊन बसलात?

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊ केले तरी छापली नाही. बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. 'बहिष्कृत भारत' काढले, पुढे स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. ज्याच्या हातात यंत्र, त्याच्या हातात कोणता शब्द बाहेर पडायचा याचा निर्णय, हे त्यांना पक्के ठाऊक होते. लेखणी आपली असून भागत नाही, खिळे जुळवणारे हातही आपले लागतात. जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला तेव्हा आपण हजारोंनी रस्त्यावर उतरलो. जुन्या छापखान्यासाठी आपण लढतो आणि आजचा छापखाना, म्हणजे हा लॅपटॉप, बिघडला की हात जोडून उभे राहतो. ही विसंगती आम्हाला बोचते.

दुसरे म्हणजे जातीव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये मांडले. संगणकाच्या जगातही ती विभागणी आपण मुकाट स्वीकारली आहे. आपली पोरं डेटा एन्ट्री करणार, झेरॉक्स काढणार, दुसऱ्याने बसवलेल्या चौकटीत माहिती भरणार. यंत्राच्या पोटात काय आहे ते बघायचा अधिकार 'त्यांचा'. समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात ते हेच. इंजिनिअरचा मुलगा काळी स्क्रीन बघून "ड्रायव्हर असेल" म्हणतो, ऊसतोड मजुराची मुलगी तीच स्क्रीन बघून "माझ्या हातून मोडला" म्हणून रडते. फरक बुद्धीचा नाही. त्याच्या घरी हा शब्द रोज कानावर पडतो, तिच्या घरी तो कधी पोहोचलाच नाही.

मूठ कोणाची?

ड्रायव्हर म्हणजे काय? ग्राफिक्स कार्ड हे यंत्र, लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आणि या दोघांमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दुभाष्याला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. कर्नलची भाषा उघडी आहे, कोणीही वाचावी. कार्डाची भाषा मात्र ते बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असते. ती सांगायची की लपवायची, इथेच सगळा खेळ आहे.

महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की धम्माच्या बाबतीत आपण गुरूची बंद मूठ ठेवलेली नाही. पालीत त्या मुठीला 'आचरियमुट्ठी' म्हणतात. शिष्याला थोडे सांगायचे, किल्ली मात्र स्वतःकडे ठेवायची, ही ती रीत. वेद ऐकण्यावर बंदी घालणारी व्यवस्था याच मुठीवर उभी होती. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जळाली, पण मूठ वळायची सवय जगातून गेलेली नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली तीही अशाच एका मुठीवरून. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा प्रिंटर होता. कागद अडकला की सगळ्यांना संदेश जावा, एवढी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची होती. त्यासाठी मूळ कोड मागितला तर तो मिळाला नाही, कारण तो ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार केलेला होता. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. वापरा, वाचा, बदला, वाटा, हे चार हक्क या चळवळीने मांडले. त्यातला वाचण्याचा हक्क आपल्याला नवा वाटू नये. आपल्या पूर्वजांनी त्यासाठी किंमत मोजली आहे.

आता ग्राफिक्सकडे या. इंटेल आपले लिनक्स ड्रायव्हर बरीच वर्षे उघडे ठेवते. एएमडीने २००७ साली आपल्या कार्डांची तांत्रिक कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. म्हणून या दोन कंपन्यांच्या ग्राफिक्सवर लिनक्स बहुधा मुकाट्याने चालते, ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. एनव्हिडियाने मात्र अनेक वर्षे मूठ वळलेली ठेवली. जगभरातल्या स्वयंसेवकांनी कार्डाच्या वागण्यावरून त्याची भाषा ओळखत 'नूव्हो' नावाचा उघडा ड्रायव्हर लिहिला आणि तो २०१० पासून कर्नलमध्ये आहे. त्यावर कंपनीने काय केले? २०१४ च्या नंतरच्या कार्डांत अशी व्यवस्था आणली की कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय कार्ड पूर्ण वेगाने चालणारच नाही. दार उघडले, पण आत बसायला पाट दिला नाही. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी भर सभेत एनव्हिडियाला सगळ्यात वाईट कंपनी म्हटले आणि कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवले. आम्ही त्या बोटाचे समर्थक नाही, पण रागाचे आहोत.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला, तोही २०१८ पासूनच्या ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. वरचा भाग अजून बंदच आहे. म्हणजे ज्याच्याकडे नवे यंत्र घ्यायला पैसे आहेत त्याच्यासाठी मूठ थोडी सैल झाली. सेकंडहँड लॅपटॉपवाल्यांसाठी ती तशीच आहे. जीफोर्सच्या ६०० आणि ७०० मालिकेतली बरीच कार्डे ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरवर थांबली आणि त्या ड्रायव्हरचा आधार २०२४ मध्ये संपला. त्यावर नवा ड्रायव्हर टाकला की कार्ड ओळखलेच जात नाही. दुकानात त्यालाच "कार्ड उडाले" म्हणतात.

कारण शोधा

दसऱ्याला संगणकाला हळद-कुंकू लावायचे आणि बिघडला की "साडेसाती लागली" म्हणायचे, हे आपण नाकारले आहे. दुःखाला कारण असते आणि कारण सापडले की उपाय सापडतो, ही आपली शिकवण आहे. मग ती यंत्रालाही लावा. आमच्या अभ्यासिकेत आम्ही पुढचा क्रम पाळतो. प्रत्येकाने तो वहीत लिहून ठेवावा.

एक. लॅपटॉप चालू करताच कंपनीचे नाव किंवा चिन्ह स्क्रीनवर दिसते का? दिसले तर पॅनेल आणि त्याची वायर बहुधा ठीक आहे आणि मदरबोर्डचे नाव घ्यायची घाई नको. सगळेच काळे असेल तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनकडे बघा. पुसट चित्र दिसले तर बिघाड फक्त मागच्या प्रकाशाचा आहे. ब्राइटनेसची बटणे दाबून बघा.

दोन. चिन्ह दिसून पुढे काळे झाले तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ ही तीन बटणे एकत्र दाबा. काळ्या पाटीवर लॉगिन मागणारी पांढरी अक्षरे आली, तर यंत्र जिवंत आहे आणि लिनक्सही जिवंत आहे. अडखळतो आहे तो फक्त चित्र काढणारा थर.

तीन. तेही आले नाही तर पुन्हा चालू करताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणा. तिथे जुन्या कर्नलचा पर्याय असतो. कालपर्यंत चालत होते आणि अपडेटनंतर बंद पडले असेल, तर जुन्या कर्नलने यंत्र बहुधा उठते. कारण असे की बंद ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, प्रत्येक नव्या कर्नलला तो वेगळा जोडावा लागतो आणि ती जोडणी कधीकधी फसते. मुठीची किंमत ही अशी मोजावी लागते.

चार. जुना कर्नलही उठत नसेल किंवा लिनक्स नुकतेच टाकत असाल, तर ग्रबच्या यादीत 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत सलग लिहा आणि एफ-१० दाबा. साध्या, कमी दर्जाच्या चित्रावर यंत्र सुरू होईल. मात्र हा फक्त कुबडीचा आधार आहे. याने कार्डाचा वेग मिळत नाही, व्हिडिओ अडखळतो. कित्येक जण यालाच उपाय समजून वर्षभर कुबडीवर चालतात आणि "लिनक्स संथ आहे" म्हणतात.

पाच. आत शिरलात की टर्मिनल उघडा. 'एल-एस-पी-सी-आय' ही अक्षरे सलग लिहून, जागा सोडून 'डॅश के' लिहा. यादीत ग्राफिक्सची ओळ शोधा. तिच्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते लिहिलेले असते. तिथे काहीच नसेल तर दुभाषा कामावरच आलेला नाही. मग उबुंटू किंवा मिंट असेल तर ड्रायव्हर निवडण्याच्या खिडकीतून 'शिफारस केलेला' ड्रायव्हर निवडा. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल परस्पर टाकू नका, तिने दोन ड्रायव्हरांची जुंपते.

सहा. अपडेट चालू असताना लाइट गेली होती का? औष्णिक वीजकेंद्राच्या तालुक्यात राहूनही हा प्रश्न विचारावा लागतो. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, मध्येच यंत्र बंद पडते आणि ड्रायव्हर अर्धवट बसतो. अर्धवट राहिलेली बसवणी पूर्ण करायची आज्ञा उबुंटू आणि मिंटमध्ये असते, ती आधी चालवा. अपडेट नेहमी लाइटची खात्री असेल तेव्हाच करा.

आता एक प्रत्यक्ष प्रसंग. आमच्याकडे अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीच्या लॅपटॉपबद्दल तालुक्याच्या एका दुकानात सांगितले गेले की बोर्ड गेला, नवीन टाकावा लागेल. खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या जवळपास. अर्जाची मुदत तोंडावर आलेली. आम्ही वरचा क्रम लावला. चिन्ह दिसत होते, पांढरी अक्षरे येत होती. नोंदवही, म्हणजे लॉग, वाचली तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर 'किल्ली नाकारली' म्हणून परत पाठवला गेला होता. यंत्रात सिक्युअर बूट चालू होते. त्यात सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाहीत. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागतात आणि पुढच्या वेळी यंत्र उठताना निळ्या पडद्यावर तोच पासवर्ड देऊन किल्लीला मान्यता द्यायची असते. तो निळा पडदा इंग्रजीत आला आणि टाकणाऱ्याने घाबरून पुढे ढकलला, एवढेच घडले होते. किल्ली पुन्हा नोंदवली आणि स्क्रीन आली. एक रुपया लागला नाही. त्या मुलीने आता तो निळा पडदा मराठीत लिहून भिंतीवर चिकटवला आहे, कोणते बटण कधी दाबायचे ते.

आणखी एक गोष्ट १४ एप्रिलच्या कार्यक्रमांसाठी. ज्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतात, त्यांतल्या काहींत एचडीएमआयची खाच एनव्हिडियाला जोडलेली असते. बॅटरी वाचवायला एनव्हिडिया बंद ठेवले तर लॅपटॉपवर सगळे ठीक दिसते, पण प्रोजेक्टरवर काहीच येत नाही. वक्ते मंचावर आणि पडदा कोरा, असे होऊ द्यायचे नसेल तर आदल्या दिवशी जोडून बघा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: चोरीची विंडोज टाकली की हे सगळे टळते. टळत नाही. जुन्या यंत्राला नवी विंडोज झेपत नाही, जुन्या विंडोजला सुरक्षा नाही आणि चोरीच्या प्रतीसोबत काय काय आत येते ते कोणी तपासत नाही. त्याच यंत्रावर आपण आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचा पासवर्ड टाकतो. शिवाय स्वाभिमानाच्या चळवळीने चोरीच्या मालावर का उभे राहावे, जेव्हा हक्काचे मोकळे मिळते?

दुसरा आक्षेप आम्हीच घेतो, आणि तो मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांवर आहे. तुम्ही कोड उघडा केलात, पण समजावून सांगणारे जवळपास सगळे साहित्य इंग्रजीत आहे. नवख्याने प्रश्न विचारला की "आधी मॅन्युअल वाचा" म्हणून झिडकारता. तळे सगळ्यांसाठी खुले आहे असे मुंबई कायदेमंडळाच्या ठरावात होते आणि महाडच्या नगरपालिकेनेही ते मान्य केले होते, तरी चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना जावे लागले. कागदावर खुले असणे आणि हाताला पाणी लागणे यात अंतर असते. पुण्यात बसून रेड हॅटच्या लोकांनी आपल्या लिपीसाठी लोहित हा खुला फाँट दिला, मराठीत मेनू भाषांतरित करणारे स्वयंसेवकही आहेत, त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण स्क्रीन काळी पडते तेव्हा मेनू दिसतच नाही. त्या वेळी काय करायचे, हे सोप्या मराठीत लिहिलेले हवे.

सरकारला प्रश्न

केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने भारतीय भाषांसह 'बॉस' हे लिनक्स तयार केले. केरळने आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेले, शिक्षकांना शिकवले आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थ्यांची पथके शाळाशाळांत उभी केली. तिथली पोरं यंत्र हाताळायला शाळेतच शिकतात. आपल्याकडे काय? एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र नोकरीसाठी मागितले जाते, पण त्या अभ्यासाचा भर विंडोज आणि ऑफिसवर. लाखो पोरांना एकाच कंपनीचे ग्राहक बनवून त्याला संगणक साक्षरता म्हणायचे. बटण कोणते दाबायचे हे शिकवले, बटण चालले नाही तर काय, हे शिकवले नाही.

आमची मागणी सरळ आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहांसाठी आणि शाळांसाठी सरकारी पैशातून यंत्र घेताना निविदेत अट घाला की ग्राफिक्स, वायफायसह सगळ्या भागांचे खुले ड्रायव्हर कर्नलमध्ये असले पाहिजेत. जनतेच्या पैशाने बंद मूठ विकत घेऊ नका. आणि अभ्यासक्रमात बिघाड शोधण्याचा भाग घाला.

आपण काय करायचे

सरकारची वाट बघत बसणे हा आपला स्वभाव नाही. प्रत्येक विहारातल्या अभ्यासिकेने दोघांना, त्यात एक मुलगी हवीच, या कामात तयार करावे. जुना लॅपटॉप घेताना आधी विचारा की ग्राफिक्स कोणाचे आहे. शिकायला आणि अर्ज भरायला इंटेलचे साधे ग्राफिक्स पुरते. 'गेमिंग'च्या चिठ्ठीला भुलून जुने एनव्हिडिया गळ्यात घेऊ नका. लिनक्सचा एक पेनड्राइव्ह कायम तयार ठेवा, घेण्याआधी त्यावरून यंत्र चालवून बघा. प्रत्येक बिघाडाची नोंद वहीत करा: काय दिसले, लॉगमध्ये काय होते, कशाने सुटले. ती वही मराठीत असू द्या आणि शेजारच्या गावाला द्या. ज्याला उपाय सापडला त्याने तो स्वतःपाशी ठेवला, तर आपणही तीच मूठ वळली असे होईल.

आणि पुढच्या वेळी कोणी "हे तुमचे काम नाही" म्हणाले, तर वाद घालण्यात वेळ घालवू नका. त्याच्यासमोर लॅपटॉप उघडा, तीन बटणे दाबा आणि पांढरी अक्षरे वाचायला लागा.

जय भीम! नमो बुद्धाय!